बिघडत्या हार्ड डिस्कची प्रत काढण्यापूर्वी

गेल्या वैशाखात, इंदूरला रामबागेतील आमच्या घरी, मी वडिलांच्या जुन्या लॅपटॉपमधील ५०० जीबीच्या हार्ड डिस्कची प्रत काढायला बसलो आणि एका विसरलेल्या गोष्टीपायी तिच्यातील निम्मी छायाचित्रे कायमची गमावली. ती गोष्ट म्हणजे मॅपफाइल, प्रत काढताना कामाची नोंद ठेवणारी फाइल. ती खाली पुन्हा पुन्हा येईल. तो भाग वगळून ही यादी वाचू नये.

सर्वप्रथम तो लॅपटॉप बंद करावा आणि त्यावर विंडोज पुन्हा सुरू करू नये, कारण विंडोज सुरू होताना डिस्कवर सतत लिहीत असते. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन, तर मुळीच चालवू नये. ते डिस्क वाचवत नाही, फाइलींची रचना आपल्या समजुतीने बदलते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर इथेच थांबावे आणि ती धूळमुक्त कक्ष असलेल्या तज्ज्ञांकडे द्यावी. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये, आत दव धरते.

काढलेली डिस्क यूएसबीला जोडणारी साटा टू यूएसबी केबल इंदूरला जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये मिळते. प्रत ठेवण्यासाठी लागणाऱ्या दुसऱ्या डिस्कवर जुन्या डिस्कच्या पूर्ण क्षमतेहून अधिक मोकळी जागा हवी. वापरलेली जागा ६० जीबीच असली तरी प्रत पूर्ण ५०० जीबीची होते. ही डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण तीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची कार्यप्रणाली, यालाच लाइव्ह लिनक्स म्हणतात) आणि त्यात बिघडत्या डिस्कची प्रत काढणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम, एवढे सॉफ्टवेअर पुरते.

आता मॅपफाइल. डीडीरेस्क्यूला तीन नावे द्यावी लागतात: कोठून वाचायचे, कोठे लिहायचे आणि मॅपफाइल कोठे ठेवायची. कोणता भाग वाचून झाला, कोणता वाचता आला नाही आणि कोणता उरला, याची नोंद या छोट्या फाइलीत असते. हे तिसरे नाव दिले नाही तरी काम बिनतक्रार सुरू होते, हाच धोका आहे. मी नाव दिले होते, परंतु ती फाइल लाइव्ह लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये, म्हणजे केवळ रॅममध्ये, राहिली. अठरा तासांनंतर वळवाच्या वादळात वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी जुनीच होती, आणि नोंद नाहीशी झाली. मी सारे पहिल्यापासून वाचायला लावले. थकलेल्या डिस्कने दुसऱ्या फेरीत मध्येच मान टाकली. म्हणून मॅपफाइल बाहेरच्या डिस्कवर, प्रतीच्या शेजारीच ठेवावी. काम सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी ती उघडून पाहावी. ती साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्या आरंभी दिलेली आज्ञा व वेळ लिहिलेली दिसते. ती दिसली नाही तर काम ताबडतोब थांबवून मॅपफाइलची दिलेली जागा दुरुस्त करावी. मॅपफाइल आहे का, हे घरातल्या दुसऱ्या कोणाकडूनही तपासून घ्यावे.

यूपीएस हवाच. स्रोत (जुनी डिस्क) आणि लक्ष्य (प्रतीची डिस्क) यांची नावे क्षमता व मॉडेल पाहून दोनदा पडताळावीत, कारण उलटसुलट झाल्यास रिकामी डिस्क भरलेलीवर उतरेल. पहिल्या फेरीत खराब भाग खरवडू, म्हणजे हट्टाने वाचू, नये. सहज वाचले जाते ते आधी घ्यावे, मग त्याच मॅपफाइलने दुसरी फेरी करावी आणि शेवटी तीन पुनर्प्रयत्न. डिस्क तापली तर थांबवावे. मॅपफाइल असल्यास पुढे तेथूनच सुरू करता येते.

प्रत पूर्ण झाल्यावर मूळ डिस्क काढून ठेवावी. पुढचे काम प्रतीच्याही प्रतीवर करावे, ती केवळ वाचनासाठी जोडावी. फोल्डर उघडले नाहीत तर फोटोरेक हा फाइली शोधून काढणारा प्रोग्राम वापरावा. त्यात फाइलींची मूळ नावे मिळत नाहीत. छायाचित्रे उघडून पाहावीत, दोन ठिकाणी ठेवावीत, आणि तोवर मॅपफाइल पुसू नये.