जुन्या गाडीच्या दिव्यांची दुरुस्ती : या चुका टाळा

जुन्या गाडीचा एखादा दिवा मिणमिणू लागला की आधी बल्ब बदलला जातो, मग स्विच, मग फ्लॅशर (इंडिकेटर उघडझाप करवणारा भाग), आणि तरीही फरक पडला नाही की ‘सगळे वायरिंगच नवे टाका’ असा सल्ला मिळतो. ठाणे आणि नवी मुंबईत एकीकडे खाडीची खारट हवा आणि दुसरीकडे चार महिन्यांचा पाऊस असल्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांचे दिवे बिघडण्याचे कारण माझ्या पाहण्यात बल्बपेक्षा जोडांमध्येच अधिक सापडते, आणि त्यातही अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीच्या, जोडात. तरीही दुकानात जाऊन सुटा भाग विकत आणणे सोपे वाटते आणि मागचा दिवा उघडून एक बोल्ट पाहणे कटकटीचे वाटते.

वागळे इस्टेटमधल्या एका परिचितांच्या जुन्या मारुती ८०० ची तक्रार अशी होती की पार्किंग लावून ब्रेक दाबला की उजवीकडचा मागचा पार्किंगचा दिवा विझे, ब्रेकचा प्रकाश जेमतेम दिसे आणि त्याच बाजूचे पुढचे व मागचे इंडिकेटर मंद पेटत. नुसते पार्किंग लावले तर मात्र सगळे ठीक दिसे. त्यांनी ब्रेकचा स्विच, फ्लॅशर आणि मागचे सर्व बल्ब बदलून झाले होते, आणि आता डॅशबोर्ड उतरवून घेण्याची तयारी चालली होती. वास्तविक लक्षणांतच निदान होते. मागच्या दिव्यातले सगळे बल्ब एकाच अर्थच्या वायरीवर चालतात. त्या वायरीचा बॉडीशी संपर्क तुटला की ब्रेकच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट परतीची वाट शोधत इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये शिरतो आणि तिथून पुढच्या इंडिकेटरच्या बल्बातून बॉडीला पोहोचतो. ५ वॅटच्या पार्किंगचा करंट इतका थोडा असतो की तो कुठूनतरी वाट काढतो, म्हणून एरवी काही जाणवत नाही.

डिकीतले अस्तर बाजूला केल्यावर अर्थच्या काळ्या वायरीचे थिंबल (टोकाची बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दिसले. बोल्ट घट्ट होता, वायर नवीकोरी होती. पण काही महिन्यांपूर्वी मागच्या भागाचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते आणि रंगाऱ्याने बोल्टखालचा पत्राही गुळगुळीत रंगवून त्यावरच थिंबल कसून टाकले होते. रंगातून करंट जात नाही, ही गोष्ट त्या कारागिराला सांगण्याचे कोणालाही सुचले नव्हते. बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबलही घासले, बोल्ट पुन्हा कसला आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. गाडी बरी झाली. बदललेले जुने भाग बहुधा सगळेच चांगले होते.

असा जोड तपासताना मल्टिमीटरच्या (वायर सलग आहे असे सांगणाऱ्या) बीपवर विश्वास ठेवणे ही दुसरी चूक आहे. वायरीतल्या तारांपैकी एकच शिल्लक राहिली असली तरी मीटर आनंदाने वाजतो, कारण त्याचा स्वतःचा करंट नगण्य असतो. दिवा पेटलेला असतानाच मोजावे. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि लाल सुई बल्बच्या होल्डरच्या पत्र्यावर ठेवून ब्रेक दाबला असता ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. मागच्या दिव्यापर्यंत मीटरची वायर पुरत नाही, म्हणून दोन्ही टोकांना क्लिप लावलेली एक लांब वायर मी कायम पेटीत ठेवतो; ज्यांना एवढाही खटाटोप नको असतो, त्यांनी दुरुस्तीच्या नादाला लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हेडलाइट पिवळट पडला म्हणून ६०/५५ वॅटच्या (हाय/लो) जागी १००/९० वॅटचे बल्ब घालण्याची हौस मला सर्वांत जास्त खटकते. जुन्या छोट्या गाड्यांपैकी अनेकींत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. १२ व्होल्टवर ६० वॅटचे दोन बल्ब सुमारे १० अँपियर घेतात, १०० वॅटचे दोन बल्ब १६ अँपियरहून अधिक. तो भार सोसताना स्विचचे प्लॅस्टिक मऊ पडते आणि कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काळवंडतो. मूळ दोष बहुतेक वेळा बल्बपर्यंत पोहोचणाऱ्या व्होल्टेजमध्ये असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून जवळच फ्यूज घालून जाड वायर रिलेच्या (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० क्रमांकाच्या पिनला द्यावी, ८७ वरून बल्बला न्यावी, आणि जुन्या स्विचच्या वायरीने फक्त ८५-८६ मधली कॉइल चालवावी. हाय आणि लो यांना स्वतंत्र रिले लागतात. मूळ वॅटचेच बल्ब मग पुरेसे उजळ वाटतात.

हेच H४ च्या (हाय-लो एकत्र असलेल्या हॅलोजन बल्बच्या) जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब ठोकण्याबाबत. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेनुसार घडवलेला असतो, त्यामुळे प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी घोडबंदर रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे अजूनही भेटतात. फ्यूज पुन्हा उडत असेल तर त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढून एकेक परत लावावा; एकही बल्ब नसताना फ्यूज उडाला तर वायर कुठेतरी पत्र्यावर घासली आहे, आणि ती जागा बहुधा डिकीच्या बिजागरीजवळ किंवा रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकाची कड झाकणारी कडी) निसटलेल्या भोकात सापडते.

वायरी पिळून त्यांवर टेप गुंडाळलेला जोड जुलैपर्यंत टिकतो. सोल्डर करून हीटश्रिंक नळी चढवावी.

इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर वाजू लागला तर फ्लॅशरला हात लावू नये. त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो किंवा कमी वॅटचा बसवलेला असतो. आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीच्या पासिंगच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हे सर्व एकदम करून मागणाऱ्यांना मी नकार देतो, कारण घाईत घासलेला पत्रा आणि न घासलेला पत्रा रात्रीच्या उजेडात सारखेच दिसतात.