त्वचारोपणानंतर घरी घ्यायची काळजी

भाजलेल्या जागी बसवलेली त्वचा धरली आणि रुग्ण घरी आला, की उपचार संपले असे घरच्यांना वाटते. वास्तविक व्रण परिपक्व होण्यास एक ते दोन वर्षे लागतात आणि हात मोकळा हलेल की आखडेल, हे बहुतांशी याच काळात ठरते.

रोपण केलेली त्वचा, तेलग्रंथींचे काम मंदावल्यामुळे, कोरडी पडते, तडकते व खाजते. जखम पूर्ण भरल्यावर सुगंधविरहित मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चार वेळा हलका दाब देत जिरवावे. खाजेने झोप मोडत असेल तर सोसत बसू नये. त्यावर औषधे आहेत, ती डॉक्टरांकडून मागून घ्यावीत.

दाब देणारे घट्ट कपडे सांगितले असल्यास ते आंघोळ व मालिश वगळता दिवसाचे सुमारे २३ तास घालावे लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. निदान दोन जोड तरी असावेत.

सांध्यांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: जी दुमडलेली स्थिती आरामाची वाटते, तीच पुढे आकुंचन, म्हणजे त्वचा आवळून सांधा आखडणे, घडवते. म्हणूनच मानेचा पुढचा भाग भाजला असल्यास उशी घेऊ नये, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ताण रोज द्यावेत, स्प्लिंट (सांधा योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) सांगितल्याप्रमाणे बांधावा.

नव्या त्वचेला चटका उशिरा जाणवतो, त्यामुळे आंघोळीचे पाणी शाबूत हाताने तपासावे. उन्हात पूर्ण बाह्या हव्यातच.

‘काय झालं हो?’ असे विचारणारे भेटतीलच. त्यांच्यासाठी एका वाक्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे, आणि तरीही घराबाहेर पडणे नकोसे होत असेल तर समुपदेशकाची वेळ घ्यावी.