डोळ्यांखालची काळी वर्तुळे : आधी प्रकार ओळखावा, मग उपाय करावा

डोळ्यांखाली काळे दिसले की झोप पुरी झाली नसणार, असे सर्रास गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात या काळेपणाची कारणे अनेक असतात आणि ती न ओळखता घेतलेले महागडे क्रीमही बहुतेकदा वाया जाते. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात आरशासमोर बसून खालच्या पापणीची त्वचा बोटाने अलगद ताणून पाहावी. रंग तपकिरी असून ताणल्यावरही तसाच राहिला, तर तो त्वचेतील मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचा, असण्याची शक्यता जास्त. निळसर-जांभळी छटा ताणल्यावर अधिक ठळक झाली, तर पातळ त्वचेखालच्या रक्तवाहिन्या दिसत असाव्यात. आणि चेहऱ्यावर समोरून प्रकाश पडताच काळेपणा फिका झाला, तर ती डोळ्याखालच्या खळगीची सावली आहे. अनेकांमध्ये यांपैकी दोन प्रकार एकत्र असतात.

झाकण्याच्या कामात सर्वांत मोठी चूक होते ती रंगाच्या निवडीत. त्वचेपेक्षा बराच उजळ कन्सीलर (डाग झाकणारा त्वचेच्या रंगाचा मेकअप) थेट काळ्या भागावर लावला, तर खालचा रंग झाकला न जाता राखाडी झाक येते आणि सावळ्या त्वचेवर ती विशेष उठून दिसते. त्यासाठी आधी करेक्टर, म्हणजे खालची छटा मारणारा रंगीत थर, लावावा : गोऱ्या त्वचेला पीच, गव्हाळ त्वचेला गडद पीच किंवा फिकट नारिंगी आणि सावळ्या त्वचेला नारिंगी छटा चालते, कारण निळसरपणाला नारिंगी रंगच मारतो. डोळ्यांखाली मॉइश्चरायझर लावून ते मुरेपर्यंत थांबावे, करेक्टरचा अगदी पातळ थर फक्त काळ्या भागावर अनामिकेने थापून बसवावा, घासू नये, आणि त्यावर त्वचेच्याच रंगाचा कन्सीलर तितकाच पातळ लावावा. पावडर जेमतेम लागेल एवढीच घ्यावी, कारण जास्त झाली की बारीक सुरकुत्यांत साचते. सावलीच्या प्रकारात करेक्टरचा फारसा उपयोग नसतो; तेथे किंचित उजळ कन्सीलर केवळ खळगीच्या रेषेत लावावा, वरच्या फुगवट्यावर नाही, अन्यथा फुगवटाच अधिक डोळ्यांत भरतो.

रात्री हा मेकअप आणि काजळ न रगडता काढणे हाच वर्तुळे कमी करण्याच्या उपायांचा पहिला भाग आहे. सततच्या चोळण्याने त्वचा काळवंडते; धुळीची ॲलर्जी किंवा वारंवार वाहणारे नाक यांमुळे डोळे खाजत असतील, तर त्या ॲलर्जीवर उपचार घेतल्याखेरीज क्रीमने फरक पडणार नाही. तपकिरी प्रकारात रोजचे सनस्क्रीन सर्वांत महत्त्वाचे : एसपीएफ (ऊन रोखण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ३० किंवा अधिक आणि शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे हलक्या रंगाचे, कारण ते दृश्य प्रकाशापासूनही संरक्षण देते. जोडीला व्हिटॅमिन सी किंवा कमी तीव्रतेचे रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा एक प्रकार) वापरता येते. रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू करावे आणि गरोदरपणात टाळावे. परिणाम दिसायला काही महिने लागतात. थंड पाण्यात भिजवलेल्या कापडाची दहा मिनिटांची घडी किंवा कॅफिनयुक्त जेल सूज आणि निळसरपणा काही तासांपुरता कमी करते. झोप अपुरी असेल तर ती पुरी करावीच, कारण फिकट पडलेल्या चेहऱ्यावर हीच वर्तुळे अधिक गडद दिसतात. मात्र घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वर्तुळे झोपेने पूर्णपणे जातील अशी आशा ठेवू नये.

लिंबाचा रस किंवा टूथपेस्ट या नाजूक जागी कधीही लावू नये. दाह झाला की मागे आणखी काळा डाग उरतो. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त ‘गोरे करणारी’ क्रीमे तर त्याहून घातक आहेत, कारण त्यांनी त्वचा पातळ होतेच, शिवाय दीर्घकाळ डोळ्यांजवळ वापरल्यास काचबिंदूचा धोका असतो. थकवा आणि धाप यांच्यासह चेहरा पांढरा पडला असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मानेवर किंवा काखेतही त्वचा जाड, काळी झाली असेल, तर रक्तातील साखर तपासावी. खोल खळगीसाठी फिलरचा, म्हणजे खळगी भरण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या जेलचा, विचार असेल, तर ते प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञाकडूनच टोचून घ्यावे आणि ब्युटी पार्लरमध्ये कदापि नाही, कारण रक्तवाहिनीत चुकून गेलेले फिलर क्वचित प्रसंगी दृष्टीही हिरावून घेऊ शकते.