ग्वेइलिन-यांगश्वोला जाताय? या चुका टाळा

चीनच्या वीस युआनच्या नोटेवर मागच्या बाजूला ली नदीचं चित्र आहे. शिंगफिंग गावाबाहेर नदीकाठी गेलं की नोट हातात धरून समोरच्या टोकदार डोंगरांशी जुळवून बघणारे लोक हमखास भेटतात. आम्हीही जुळवून पाहिली. पण पहिल्या खेपेला त्या काठापर्यंत पोहोचायला आम्हाला तीन दिवस लागले. त्यातले दोन दिवस ज्या चुकांपायी गेले, त्या पुण्यात घरी बसूनच टाळता आल्या असत्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तोच मुलूख अगदी मोकळा होऊन भेटला. ग्वांगशी प्रांतातला हा सगळा पट्टा, म्हणजे ग्वेइलिन शहर, यांगश्वो, लोंगजीची डोंगरावरची पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती आणि सानज्यांगकडची दोंग जमातीच्या लोकांची गावं, मला फार आवडतो. तिथे जाणाऱ्या कुणाचे दिवस असे वाया जाऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणं

आपल्याकडे लांबची सहल म्हटली की मे महिना ठरलेला. ग्वेइलिनला मात्र एप्रिलपासून जुलैपर्यंत पावसाचा जोर असतो आणि मे-जून त्यातले सगळ्यांत ओले. नदीला पाणी चढलं की तराफे आणि बोटी बंद ठेवतात, आणि त्यात हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. आमच्या पहिल्या सहलीत सलग दोन दिवस धक्क्यावरून परत फिरावं लागलं. शिवाय मेच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये कामगार दिनाची सलग सुट्टी असते, तर १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची. या दोन्ही वेळी अर्धा देश प्रवासात असतो. गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत आणि छोट्या गावातल्या खोल्यांचे भाव भलतेच चढतात.

भातशेती बघायची असेल तर आधी तिचं वेळापत्रक समजून घ्या. लोंगजीला साधारण मे-जूनमध्ये खाचरांत पाणी भरतात आणि लावणी होते. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शेतं पिवळी होतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर बहुतेक ठिकाणी कापणी उरकलेली असेल. पण हवा कोरडी आणि स्वच्छ मिळते, नदीही शांत असते. मला विचाराल तर आपल्या लोकांसाठी हाच काळ उत्तम.

याच बाबतीत एक घोटाळा फार जणांचा होतो. आरशासारख्या चमकणाऱ्या पाण्याच्या पायऱ्यांचे जे फोटो सगळीकडे फिरतात, त्यांतले पुष्कळसे युनान प्रांतातल्या युआनयांगचे असतात. हानी लोकांची ही शेती २०१३ मध्ये जागतिक वारसा ठरली. तिथे पाणी भरलेलं दिसतं ते डिसेंबर ते मार्चमध्ये. तो फोटो मनात ठेवून जानेवारीत लोंगजीला गेलात तर कोरडी तपकिरी खाचरं दिसतील.

'व्हिसा लागत नाही' हे ऐकीव धरून चालणं

चीनने डिसेंबर २०२४ पासून पुढच्या प्रवासाला निघालेल्या पाहुण्यांना २४० तास व्हिसाशिवाय राहायची सोय केली आहे. ही बातमी आपल्याकडेही खूप फिरली. पण ती सवलत ठरावीक देशांना आहे आणि भारत त्या यादीत नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला आधी व्हिसा काढावाच लागतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणारे भाचे-पुतणे 'आम्हाला लागला नाही' म्हणाले, तर त्यांचा पासपोर्ट कुठला आहे ते आधी विचारा.

दुसरी अडचण हाँगकाँगची. ग्वेइलिन पाहून मध्येच दोन दिवस हाँगकाँगला जायचं आणि परत चीनमध्ये यायचं, असा बेत असेल तर एक प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. हाँगकाँगला गेलात की तुम्ही मुख्य भूमीतून बाहेर पडलात असं धरलं जातं. अर्जातच दोन प्रवेश मागा. हाँगकाँगसाठी भारतीयांना वेगळी ऑनलाइन पूर्वनोंदणीही करावी लागते.

पैशांची तयारी तिथे पोहोचल्यावर करणं

क्यूआर कोडची आपल्याला सवय आहे, त्यामुळे 'तिथेही तसंच' असं वाटतं. पद्धत तीच, पण यूपीआय तिथे उपयोगाचं नाही. डोंगरातली मक्याची कणसं विकणारी आजीसुद्धा अलिपे किंवा वीचॅटचा कोड गळ्यात अडकवून बसलेली असते. २०२३ पासून परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही अॅपना जोडता येतात. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीला जादा आकार नाही, त्यावरच्या रकमेला तीन टक्के पडतात. म्हणून मोठं बिल कार्डाने थेट भरता येतं का, ते हॉटेलात आधी विचारून घ्या.

गाडी अडते ती आपल्याच बाजूला. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डं परदेशातल्या व्यवहारांसाठी बंदच मिळतात, ती आपण बँकेच्या अॅपमधून सुरू करायची असतात. शिवाय कार्ड जोडताना ओटीपी येतो तो भारतातल्या नंबरवर. विमानतळावर सिम बदललं की तो येणार कुठे? म्हणून कार्ड जोडणं, पासपोर्टचा फोटो चढवून ओळख पटवणं, हे सगळं निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच करा. एक कार्ड अॅपने नाकारलं तर हाताशी असावं म्हणून वेगवेगळ्या बँकांची दोन जोडा. आणि पाच, दहा, वीसच्या नोटांमध्ये थोडी रोकड जवळ असू द्या. रोकड नाकारता येत नाही असा तिथला नियम आहे, पण खेड्यातल्या दुकानात शंभरची मोड मिळेलच असं नाही.

गूगलच्या नकाशावर विसंबणं

गूगल, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांतलं काहीही हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर सहसा चालतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. घरच्यांशी बोलायला आणि ओटीपीला रोमिंग बरं, म्हणून मी भारतीय सिम काढतच नाही.

पण रोमिंगवर गूगलचा नकाशा उघडला तरी तो चुकवतो. चीनमध्ये नकाशांसाठी सरकारने ठरवलेली वेगळी निर्देशांक-पद्धत वापरतात आणि ती उपग्रहाच्या खऱ्या स्थानापासून मुद्दाम सरकवलेली आहे. फरक कधीकधी काही शे मीटरचा पडतो. शहरात तेवढ्याने चुकीची गल्ली लागते, डोंगरात चुकीची पायवाट. अमॅप हा तिथला नकाशा घ्या. मुक्कामाच्या जागेचा पत्ता चिनी लिपीत आधीच फोनवर साठवून ठेवा, तोच त्यात चिकटवला की काम होतं.

भाषांतराचं अॅपही इंटरनेटशिवाय चालेल असं उतरवून न्या. मात्र डोंगरातली म्हातारी माणसं झ्वांग किंवा याओ या तिथल्या जमातींच्या भाषा बोलतात, त्या अॅपला कळत नाहीत. अशा वेळी घरातल्या शाळकरी मुलाला हाक मारली की तो पुढे होतो, सगळ्यांचं हसतखेळत निभतं.

'यांगश्वो स्टेशन' म्हणजे यांगश्वो असं समजणं

दक्षिण चीनमधलं मोठं शहर ग्वांगझौ ते ग्वेयांग हा वेगवान रेल्वेमार्ग डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाला आणि हा भाग ग्वांगझौपासून दोन-अडीच तासांवर आला. पण यांगश्वो नावाचं स्टेशन आहे शिंगफिंगजवळ. यांगश्वो गाव तिथून बसने तासाभरावर. शिंगफिंगलाच राहायचं असेल तर उत्तम, नाहीतर रात्रीच्या शेवटच्या गाडीने तिथे उतरू नका. ग्वेइलिनलाही एकापेक्षा जास्त स्टेशनं आहेत, तिकिटावर 'उत्तर' आहे की 'पश्चिम' ते नीट बघा.

कोलकात्याहून ग्वांगझौला थेट विमानं ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहेत, त्यामुळे बरेच जण आता या वाटेने जातील. ग्वांगझौचा विमानतळ शहराच्या उत्तरेला आणि वेगवान गाड्यांचं मुख्य स्टेशन पार दक्षिणेला. मेट्रोनेही तासाहून जास्त वेळ जातो. विमान उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंत चार तास तरी हातात ठेवा. स्टेशनात सामानाची तपासणी होते, फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं आणि स्वयंचलित फाटकाने पासपोर्ट वाचला नाही तर माणूस उभा असलेल्या फाटकाकडे जावं लागतं.

पुढे चीनमध्येच विमानाने फिरणार असाल तर पॉवर बँक तपासा. जून २०२५ च्या अखेरपासून देशांतर्गत विमानांत चीनची '३सी' ही सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. आपल्याकडे घेतलेल्या बहुतेकांवर ती नसते.

मोठी बॅग घेऊन डोंगर चढणं, आणि संध्याकाळी उतरणं

लोंगजी म्हणजे ड्रॅगनच्या पाठीचा कणा. फिंगआन हे झ्वांग लोकांचं गाव आणि दाझाई हे लाल याओ लोकांचं. गाडी पायथ्याशी थांबते. पुढे दगडी पायऱ्या, एकीच्या वर एक. चाकांची बॅग इथे निव्वळ ओझं. गावातल्या बायका पाठीवरच्या टोपलीत सामान वाहून नेतात, त्यांना ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. त्याहून बरं म्हणजे मोठी बॅग ग्वेइलिनच्या हॉटेलात ठेवायची आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवर घ्यायचे.

बहुतेक सहली लोंगजीला सकाळी नेतात आणि दुपारी परत आणतात. ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. दुपारी तिथे गर्दी असते आणि ऊन सपाट. गर्दी उतरल्यावर गाव आपल्या कामाला लागतं, चुली पेटतात, पहाटे धुकं खाचरांतून वर सरकत येतं. एखाद्या सकाळी धुकं हटतच नाही, म्हणून दोन रात्री ठेवा. खोली ठरवताना 'परदेशी पासपोर्टची नोंद करता का?' हे मात्र आधी विचारा. हॉटेल ही नोंद पोलिसांकडे स्वतः करतं. एखाद्याच्या घरी राहिलात तर चोवीस तासांत ती तुम्हाला करावी लागते.

'मांस नको' एवढंच सांगणं

आमच्याबरोबर सासूबाई होत्या, आयुष्यभर शाकाहारी. पहिल्या दिवशी आम्ही 'मांस नको' म्हणालो आणि समोर छान हिरवी भाजी आली, डुकराच्या चरबीत परतलेली. करणाऱ्या बाईंनी आमचं म्हणणं अक्षरशः पाळलं होतं, मांसाचा तुकडा एकही नव्हता. त्या भागात भाजीला चरबीची फोडणी ही रोजची गोष्ट आहे. ग्वेइलिनची प्रसिद्ध मीफन, म्हणजे तांदळाच्या शेवयाही हाडांच्या रश्शाशी जोडलेल्या.

'छ सू' म्हणजे शाकाहारी खाणं. हा शब्द बौद्ध मठांच्या आहाराशी जोडलेला असल्यामुळे तो सांगितला की रस्सा आणि चरबीचाही विचार होतो. मठांच्या पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन मंडळींनी 'भिक्षूंसारखं जेवण' असं सांगितलं तर ते लगेच कळतं. उच्चारावर मात्र भिस्त ठेवू नका. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. पहिल्याच मुक्कामी हॉटेलच्या मुलीकडून एका कार्डावर चार ओळी चिनीत लिहून घ्या: मांस, मासे, हाडांचा रस्सा, डुकराची चरबी चालत नाही, वनस्पतीचं तेल वापरा. ते कार्ड स्वयंपाकघरात दाखवा. सासूबाईंचं पुढचं सगळं जेवण त्या एका कार्डावर निभावलं.

परतलेले बटाट्याचे कीस, लसणातली पालेभाजी, टोफू, अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं, हे कुठेही मिळतं. बांबूच्या नळीत भाजलेला भात लोंगजीला खावाच, पण त्यात मांसाचे तुकडे घालतात, आधी विचारा. उकळतं पाणी सगळीकडे फुकट असतं, तेव्हा तयार पोहे-उपम्याची पाकिटं, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, चीज, ताजी फळं नेऊ नका. दुधाचे पदार्थ आणि फळं आत न्यायला बंदी आहे.

भाव आणि बोटं

बाजारातला भाव किलोचा नसतो, 'जिन'चा असतो आणि एक जिन म्हणजे अर्धा किलो. यांगश्वोला बिअरमध्ये शिजवलेला मासा मागवताना मासा वजनावर असतो. बिल दुप्पट आल्यासारखं वाटतं ते बहुधा याच गैरसमजामुळे. मासा कापण्याआधी वजन आणि एकूण रक्कम विचारा.

बोटांनी आकडे दाखवायची पद्धतही वेगळी. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ, आपण ते दोन समजतो. आवळलेली मूठ किंवा दोन तर्जन्यांची फुली म्हणजे दहा.

नदीवर पाणकावळे घेऊन तराफ्यावर उभे असलेले म्हातारे कोळी आता मासेमारीपेक्षा फोटोंवर पोट भरतात. लांबून गुपचूप फोटो काढू नका. विचारा, पैसे ठरवा, मग शांतपणे काढा.

तराफ्यांचंही एक सांगते. ली नदीवरचे तराफे प्लॅस्टिकच्या नळ्यांचे आणि इंजिनवर चालणारे असतात. खऱ्या बांबूचा, माणसाने काठीने हाकलेला तराफा हवा असेल तर यांगश्वोजवळच्या यूलोंग नदीवर जा.

पाऊस लागला तर

हॉटेलात बसून राहू नका. वेगवान गाडीने सानज्यांगला जा. तिथून पुढे छंगयांगला दोंग लोकांचा लाकडी 'वारा-पावसाचा पूल' आहे, पाच कौलारू मनोऱ्यांचा, लाकडाच्या सांध्यात सांधा बसवून उभा केलेला. वरून पूर्ण छत असल्यामुळे पावसात गावची माणसं तिथेच बाकांवर बसतात. जवळच्या घरगुती खाणावळीत तेलचहा मागा. चहाची पानं तेलात परतून, उकळून, वर कुरकुरीत तांदूळ आणि शेंगदाणे घालून वाडग्यात देतात. चव आधी कडसर, खारट लागते. सासूबाईंनी दुसरा वाडगा मागून घेतला होता.