अचूक जनगणनेची पूर्वतयारी : सातारा-सांगलीतील वाड्या-वस्त्या आणि ऊसतोड टोळ्या

जनगणना हा केंद्राचा विषय असला तरी ती प्रत्यक्ष पार पाडते ती राज्याची यंत्रणा. जिल्हाधिकारी हे प्रधान जनगणना अधिकारी, तहसीलदार आणि नगरपालिकांचे मुख्याधिकारी हे चार्ज अधिकारी (म्हणजे आपापल्या क्षेत्रातील गणनेचे प्रमुख), तर दारोदार जाणारे प्रगणक बहुतांशी शिक्षक असतात. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक (ज्या दिवशीची लोकसंख्या धरायची तो दिवस) मानून होणाऱ्या गणनेत कोणी सुटू नये, याची काळजी चार्ज कार्यालयाने कित्येक महिने आधीपासून घ्यावी लागते.

प्रथम गावांची आणि प्रभागांची यादी पक्की करावी. प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ नंतर गोठविण्यात आल्या असल्याने त्या दिवशीची हद्दच ग्राह्य धरावी. त्यानंतर प्रगणन गट, म्हणजे एकेका प्रगणकाला नेमून द्यायची क्षेत्रे, पाडताना तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना एकत्र बसवून प्रत्येक वाडी, मळा आणि वस्ती कोणत्या गटात येते हे नावानिशी लिहून घ्यावे. जतसारख्या विस्तीर्ण तालुक्यात दोन गावांच्या शिवेवरची वस्ती दोन्हीकडून सुटते किंवा दोन्हीकडे मोजली जाते. तेव्हा शिवेवरचा ओढा, विहीर, कालवा अशा खुणा नजरी नकाशावर दाखवल्याच पाहिजेत. कोयनेच्या जलाशयापलीकडील गावांसाठी लाँचच्या वेळा पाहूनच प्रगणकांचा कार्यक्रम आखावा.

खरी कसोटी मात्र ऋतूंची आहे. घरयादीचे, म्हणजे घरांची नोंद करण्याचे काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात राज्याने ठरविलेल्या तीस दिवसांत होते, आणि लोकसंख्या गणना फेब्रुवारीत. मे महिन्यात जावळी-पाटणच्या डोंगरी वाड्यांत मुंबईकर सुट्टीला आलेले असतात, तर उसाच्या फडांशेजारी एकही कोपी (ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी) नसते. फेब्रुवारीत नेमके उलटे चित्र दिसते. मुंबईकर परतलेले असतात आणि गाळप हंगामामुळे बीडकडच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरलेल्या असतात. घरयादीवर विसंबून राहिलेल्या प्रगणकाला या कोप्या दिसणारच नाहीत, आणि गणनेच्या संपूर्ण काळात हे मजूर घरापासून दूर असल्याने त्यांची नोंद गावाकडेही होणार नाही. माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथेच संभवते.

म्हणून जानेवारीतच प्रत्येक साखर कारखान्याच्या शेतकी विभागाकडून टोळ्यांची, त्यांच्या मुकादमांची (टोळीप्रमुखांची) आणि तळांच्या ठिकाणांची यादी मागवावी व प्रत्येक तळ जवळच्या गटाला लेखी जोडून द्यावा. टोळी पहाटेच फडात जात असल्याने प्रगणकाने सायंकाळी, चुली पेटण्याच्या सुमारास तळावर जावे. केवळ मुकादमाकडून आकडा न घेता कोपीनिहाय विचारावे, कारण तान्ही मुले आणि म्हातारी माणसे अशा तोंडी आकड्यांतून हमखास गळतात. दिलेली माहिती जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार गोपनीय राहते, हे मजुरांना आधी समजावून सांगावे.

मेंढपाळांचे वाडे आणि बेघर यांच्यासाठी वेगळी पथके नेमावीत. २०११ मध्ये बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. फड संपला की टोळी तळ हलवते, त्यामुळे मार्चच्या सुरुवातीच्या फेरतपासणीत पर्यवेक्षकाने स्वतः तळावर जाऊन, नव्याने आलेल्या कोपीची नोंद आधी कोठे झाली आहे का, हे विचारूनच ती यादीत घ्यावी.