भाजलं की पहिल्या वीस मिनिटांत काय करायचं अन् का

येसरची आमटी हातावर सांडली नाहीतर तव्याचा चटका बसला की अजूनही लई घरांत टूथपेस्ट, हळद, शाई असलंच काहीतरी शोधत बसतात. कृपा करून तसं करू नका, आधी पाणी.

का ते सांगतो. भाजलेल्या जागेच्या मधल्या पेशी चटक्यानं जागीच मरतात, त्यांचं काही करता येत नाही. पण त्यांच्या भोवती एक कडं असतं, तिथल्या पेशी जिवंत असतात, फक्त रक्तपुरवठा मंदावलेला असतो. जॅक्सन नावाच्या ब्रिटिश सर्जननं १९५३ मध्ये हे पट्टे मांडले. आता मेलेल्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं एटीपी (पेशीचं इंधन), एचएमजीबी-१ (एक प्रथिन) असलं काय काय बाहेर सांडतं, शेजारच्या पेशींना ती धोक्याची खूण वाटते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज चढते, बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी तुंबतात अन् एक-दोन दिवसांत ते कडंही मरू शकतं. काल वरवरची दिसलेली जखम आज खोल दिसते ती यामुळंच. आपल्याला वाचवायचंय ते हे कडं.

म्हणून अंगठी, बांगड्या लगेच काढा, नंतर सुजेत अडकतात. कपडा चिकटला असेल तर ओढू नका. वीस मिनिटं गार पाण्याची धार धरा, उशीर झाला तरी तीन तासांच्या आत उपयोग होतो. आपल्याकडं उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं, तेव्हा नळ सोडा अन् रांजणातलं पाणी तांब्यानं सावकाश ओता. टँकरचं पाणी असेल तर खाली घमेलं ठेवा, झाडाला कामी येईल, पण वेळ कमी करू नका. बर्फ नकोच, त्यानं रक्तवाहिन्या आणखी आवळतात. लहान लेकराचं बाकी अंग पांघरुणात ठेवा.

मग स्वच्छ सुती कपड्यानं जखम सैलसर झाका. फोड फोडू नका, खपली ओढू नका. खाली भरून येण्याचं काम चालू असतं अन् त्यातही मरणाऱ्या पेशींचा हात असतो बरं का, ज्या पेशी न फुटता शिस्तीत मरतात त्या जाता जाता प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन सोडून शेजारच्यांना वाढायला लावतात, उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय.

तळहातापेक्षा मोठं भाजलं, तोंड, हात, पाय, सांधा किंवा जांघेत भाजलं, करंट लागला, ॲसिड पडलं, किंवा भाजलेली जागा पांढरी पडून दुखतच नसेल तर पाणी झाल्यावर थेट दवाखाना गाठा अन् धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.