घासायच्या आदल्या दिवशी

श्रावण अर्धा सरला की घरात गणपतीच्या साफसफाईचं बोलणं सुरू होतं, आणि बाथरूमच्या टाइल्समधल्या काळ्या रेघा पाहुण्यांच्या नजरेने दिसायला लागतात. आमच्या ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा सरासरी ८० टक्क्यांच्या वरच असतो. दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, मग टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट कुठून वाळणार? म्हणून आधीच ठरवून टाका की आत्ता फक्त बुरशी काढायची. सांधे खरवडून नव्याने भरायचं काम दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरचं ऊन तापल्यावर. भर पावसात ओल्या फटीत व्हाइट सिमेंट दाबलं, तर ओल आणि बुरशी दोन्ही आत कोंडतात.

मग मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली बसा आणि नीट बघा, कारण दिसेल तो प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. मोरीच्या जाळीभोवती आणि मगाच्या कडेला येणारा गुलाबी बुळबुळीतपणा बहुतेक जिवाणूंचा असतो. त्याला साबण आणि ब्रश पुरतो. नळाखालचा पांढरा, नखाने न निघणारा थर बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातल्या क्षारांचा. काळे ठिपके जोडत जोडत रेघ झाली असेल, तर ती बुरशी. तरी शंका असेल तर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब तिथे ठेवा. दोन-तीन मिनिटांत रंग उतरला तर बुरशी, नाही तर साधा मळ.

आणखी दोन गोष्टी याच बैठकीत बघून घ्या. सांध्यावर कोरड्या जागी पाण्याचा थेंब सोडा. तो शोषला जाऊन जागा गडद झाली तर व्हाइट सिमेंट किंवा साधं ग्राउट (फटी भरायचं सिमेंटचं मिश्रण) आहे, मण्यासारखा वर बसून राहिला तर बहुधा इपॉक्सी, म्हणजे प्लास्टिकसारखं घट्ट होणारं ग्राउट. इपॉक्सी पाणी पीत नाही, त्यामुळे बुरशी वरवर असते आणि काम अर्ध्यावर येतं. दुसरं, सांध्यावरून नख फिरवा. वाळूसारखे कण सुटत असतील तर तिथे घासून काही उपयोग नाही, ती जागा ऑक्टोबरच्या यादीत टाका. आणि जिथे शॉवरचं पाणी कधी पोचत नाही अशा एकाच कोपऱ्यात काळं परत परत येत असेल, तर ते वरच्या मजल्यावरचं किंवा भिंतीतल्या पाइपचं गळणं असू शकतं. तिथे आधी प्लंबरला बोलवा.

आता बाटल्या. माझ्या मते एकच घ्यायची, साधं कपड्यांचं लिक्विड ब्लीच, तेही ताजं. तारीख बघून घ्या; वर्षभर कपाटात पडलेल्या ब्लीचचा जोर बराच उतरलेला असतो. एक वाटी ब्लीचला दहा वाट्या पाणी, आणि पाणी गार. गरम पाण्यात ब्लीचचा जोर उडून जातो आणि वाफ डोळ्यांना झोंबते. ज्यांना ब्लीचचा वास सोसत नाही त्यांनी औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणावं. काम सावकाश होतं, पण होतं.

ॲसिडची बाटली मात्र घरातच नको. हे मी शहाणपणाने नाही, पस्तावून सांगते. काही वर्षांपूर्वी मी हार्डवेअरवाल्याकडून ॲसिड आणलं, ओतलं, फेस आला, आणि सांधे नवे असल्यासारखे पांढरे झाले. केवढा आनंद! पण ॲसिड बुरशीबरोबर सिमेंटमधला चुनाही खातं. सांधे खोल आणि खरखरीत झाले, नळाची चकाकी गेली ती गेलीच, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या खरखरीत खाचांत बुरशी आधीपेक्षा घट्ट बसली. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कमोड साफ करायच्या लिक्विडमध्येही बहुधा ॲसिडच असतं, व्हिनेगर आणि लिंबूही त्यातलेच. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विडही ब्लीचजवळ नको. म्हणून आदल्या दिवशीच या सगळ्या बाटल्या बाथरूममधून काढून बाल्कनीत ठेवा आणि कमोड त्या दिवशी धुऊ नका. नळावरच्या क्षारांसाठी व्हिनेगर वापरायचं असेल तर ते दुसऱ्या आठवड्यात.

बाकी सामान घरातच निघतं. दोन जुने टूथब्रश, एक नायलॉनचा ताठ ब्रश (तारेचा नको, सांधे झिजतात आणि तुटलेल्या तारेचे गंजके डाग पडतात), रबरी हातमोजे, चष्मा किंवा गॉगल, आणि डाग पडले तरी चालतील असे कपडे. ब्लीच स्प्रेने उडवू नका, तुषार श्वासातून आत जातात. ब्रशने किंवा फडक्याने लावा. बेसिनच्या आणि टबच्या कडेच्या सिलिकॉनसाठी समईच्या वाती वळतो तशा कापसाच्या लांब वाती वळून ठेवा, थोड्या जाड. ब्लीचमध्ये बुडवून त्या सांध्यावर चिकटवल्या की ओल दहा-पंधरा मिनिटं टिकते; उभ्या भिंतीवर एरवी पाणी लगेच ओघळून जातं.

कामाच्या दिवशी बादल्या, पाट, साबणदाणी, सगळं बाहेर. आधी साबणाच्या पाण्याने भिंत घासून घ्या, कारण साबणाच्या चिकट थरावरच बुरशी पोसते आणि ब्लीच त्या थराखाली पोचत नाही. हे साबणाचं पाणी पूर्ण धुऊन टाकायचं. सोसायटीचं पाणी ठरावीक वेळी येत असेल तर दोन बादल्या आधीच भरून दाराबाहेर ठेवा. ब्लीच लावून झाल्यावर नळ कोरडा निघणं परवडणारं नाही. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या उघड्या, एक्झॉस्ट फॅन चालू, गीझर बंद.

दम्याचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर त्यांना तेवढा वेळ बाहेर पाठवा. आणि घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हातात ब्लीच देऊन आपण ऑफिसला निघून जायचं, हे बरोबर नाही. त्या करणार असतील तर हातमोजे त्यांच्या मापाचे आणा, आणि कुठली बाटली कशात मिसळायची नाही हे स्वतः उभं राहून सांगा.

वेळ सकाळच्या आंघोळी उरकल्यावरची धरा. धुऊन, वायपर फिरवून, कोरड्या फडक्याने पुसून झाल्यावर बाथरूम दुसऱ्या सकाळपर्यंत ओलं होऊ द्यायचं नाही, फॅन चालूच. घरात एकच बाथरूम असेल तर संध्याकाळच्या आंघोळीचं शेजारच्या काकूंना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.